"वावर सोडून आभाळाची चिंता कशाला?" या कमेंटला माझं उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एआय, जनुकीय बियाणं, ड्रोन असल्या नव्या तंत्रज्ञानाचे धोके कमी करायचे असतील तर त्या कामाला वेगळा पैसा लागतो, आणि तो एखाद्या मोठ्या दात्याच्या भरवशावर न ठेवता बऱ्याच देणगीदारांनी मिळून उभा करायला पाहिजे. त्यावर दिग्रसकडच्या एका भाऊंची लांबलचक कमेंट आली. थोडक्यात सांगतो. एक, इथं कापसाला भाव नाही, उन्हाळ्यात टँकर लागतो, पीकविम्याचे पैसे अडकून पडतात, आणि तुम्ही अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या चिंतेसाठी वर्गणी मागता, "वावर सोडून आभाळाची चिंता कशाला?" दोन, ह्या धोक्यांवर काम करणाऱ्यांना पैसा देतात तेच लोक ज्यांनी हे तंत्रज्ञान विकून पैसा कमावला, मग असलं काम मोकळं कसं राहणार? तीन, आमच्या पाचशे रुपयांनी काय फरक पडतो, आणि हिशेब कोण पाहणार?

भाऊ, कमेंट कडक आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून तिथंच दोन ओळी टाकून मोकळा झालो नाही.

पहिल्या मुद्द्याला मी वावरातूनच उत्तर देतो. बीटी कापसाला, म्हणजे अळी मारणारं विष झाडातच तयार होईल अशा जनुकीय बियाण्याला, 2002 मध्ये परवानगी मिळाली. तुम्हाला आठवत असेल, 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक वेगळी पुडी यायची, नॉन-बीटी सरकीची. ती धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, सगळ्या बाजूंनी लावायची असा नियम होता. कारण असं की सगळ्या पराटीत (कपाशीत) विष असलं तर ते पचवणाऱ्या मोजक्या अळ्याच तेवढ्या जगतात आणि त्यांचंच वाण वाढत जातं, पण बाजूला साधी पराटी असली तर तिच्यावर साध्या अळ्याही वाढतात, दोन्हीकडचे पतंग मिसळतात आणि विष पचवायची ताकद पसरायला वेळ लागतो. म्हणजे त्या एवढ्याशा पुडीवर पूर्ण तंत्रज्ञानाचं आयुष्य अवलंबून होतं. अन् आपण काय केलं तर ती पुडी फेकून दिली, कोणी ढोरांना चारली, कोणाला तर ती कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं. शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही. चार तास बिनबीटीचे म्हणजे चार तास अळीला सोडून द्यायचे, त्याची भरपाई कोणी देणार नव्हतं. कृषी केंद्रवाल्याला पाकीट विकल्याचं कमिशन होतं, पुडी पेरली का हे पाहायचं नव्हतं. कृषी सहायकाकडे इतकी गावं की तो बांधावर पोचणार कधी? 2010 मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देत नाही हे खुद्द तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं, ते पहिल्या पिढीच्या बीटीबद्दल होतं, आणि 2017 पर्यंत दोन जनुकांच्या बीटीतही ती आपल्या बोंडांत घुसलेली आपण सगळ्यांनीच पाहिली.

बियाण्याच्या संशोधनाला पैसा होता, जाहिरातीला होता, विक्रीला होता, सावधगिरीच्या त्या एका पुडीमागं मात्र कोणाचाच पैसा नव्हता. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे बघा. जो वस्तू विकतो त्याच्या धंद्यात सावधगिरीचा पैसा आपोआप निघत नाही, तो बाहेरून आणि आधी उभा करावा लागतो.

त्याच 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यानंतर हातमोजे, मास्क, शिबिरं सगळं आलं. माणसं गेल्यावर आलं.

आता एआयचं पाहा. ते आभाळात आहे असं तुम्ही म्हणता, पण ते तर खिशात आलंय. आमच्या तालुक्यात आमचा एक छोटा गट आहे, कॉलेजचे प्राध्यापक, एक निवृत्त कृषी सहायक आणि काही शिकलेली पोरं, ते शेतीचा सल्ला देणाऱ्या ॲपला आपले शेतकरी विचारतात तसेच प्रश्न आपल्याच बोलीत विचारतात, उत्तरं लिहून काढतात आणि औषधाच्या लेबलवर जे छापलंय त्याच्याशी ताडून पाहतात. एकदा पोरानं विचारलं, "पराटीवर तुडतुडे आले, पंपाला किती टाकू?" ॲपनं उत्तर दिलं छान शुद्ध मराठीत, एकदम खात्रीनं, फक्त माप दिलं एकराचं आणि सांगितलं पंपाला. आपला पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा, एकराला असे कितीतरी पंप लागतात, म्हणजे अख्ख्या एकराचं औषध एकाच पंपात, आणि ते खांद्यावर घेऊन माणूस छातीएवढ्या पराटीत शिरणार. निवृत्त कृषी सहायक काकांनी ते वाचलं आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. हे तपासायचं काम कोणाचं? ॲप बनवणाऱ्याला ते जास्तीत जास्त फोनमध्ये पोचवायचं आहे, सरकारला आकडा दाखवायचा आहे, आणि चुकीची किंमत मोजणाऱ्या माणसाला ती मोजल्यावरच कळणार.

हे झालं लहान. मोठं असं की मे 2023 मध्ये जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ यांच्यासारखे ह्या शास्त्राचे बापमाणूस आणि सोबत खुद्द एआय कंपन्यांचे प्रमुख, ह्या सगळ्यांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या केल्या की एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महामारी आणि अणुयुद्धाच्या बरोबरीनं गंभीर धरावा. बनवणारेच असं म्हणतात म्हटल्यावर मी ते सोडून देऊ शकत नाही. आणि आपल्या देशाचं पाहा, मार्च 2024 मध्ये मंजूर झालेलं इंडिया एआय मिशन सुमारे 10,372 कोटींचं, त्यात सुरक्षित आणि विश्वासार्ह एआयच्या नावाचा वाटा वीस कोटींच्या आसपास, म्हणजे शंभर रुपयांत वीस पैसे. पुन्हा तीच पुडी.

तुम्ही पाण्याचं विचारलंत. पाण्याचा एक रुपयाही मी इकडे मागत नाही, टँकर आणि पीकविमा ही सरकारची जबाबदारी आहे, त्यासाठी भांडायला मी तुमच्यासोबत तहसीलसमोर येतो, पण तो झगडा संपेपर्यंत हे थांबा म्हणाल तर ॲप काही थांबणार नाही.

दुसरा मुद्दा पैसा कोणाचा हा, आणि ह्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुमची शंका खरी आहे. 2015 मध्ये इलॉन मस्कनं एआय सुरक्षेच्या संशोधनाला एक कोटी डॉलर दिले आणि तोच त्याच वर्षी ओपनएआयच्या, म्हणजे पुढं चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीच्या, संस्थापकांत होता. ह्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा दाता म्हणजे फेसबुकचे सहसंस्थापक डस्टिन मॉस्कोविट्झ आणि त्यांच्या पत्नी कॅरी टूना, त्यांच्या पैशावर चालणाऱ्या ओपन फिलान्थ्रॉपी ह्या संस्थेनं (2025 पासून तिचं नाव कोएफिशिएंट गिव्हिंग) 2017 मध्ये ओपनएआयलाच तीन कोटी डॉलरची देणगी दिली होती. स्काइपवाले यान टॅलिन ह्या कामाला भरपूर देतात आणि एआय कंपन्यांत त्यांची गुंतवणूकही आहे. ही माणसं खोटी आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनी दिलं नसतं तर हे क्षेत्र उभंच राहिलं नसतं. पण अख्खं क्षेत्र हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या खिशांवर उभं राहिलं की काय होतं हे 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. एफटीएक्स ही क्रिप्टो कंपनी काही दिवसांत बुडाली आणि तिच्या मालकांच्या पैशावर त्याच वर्षी सुरू झालेला, असल्या कामांना पैसा देणारा फंडही गेला, ज्या संस्थांनी त्या भरवशावर माणसं ठेवली होती त्यांचे पगार अडकले, काहींना घेतलेले पैसे परत करायची पाळी आली. अणुशस्त्रांच्या धोक्यावर काम करणाऱ्यांचंही असंच झालं, अमेरिकेतल्या मॅकआर्थर फाउंडेशननं 2021 मध्ये त्या विषयातून बाहेर पडायचं ठरवलं आणि तिथल्या संस्थांचा मोठा आधार गेला. दात्यानं काही वाईट केलं नाही, त्याचा प्राधान्यक्रम बदलला एवढंच. पण एकाच विहिरीवर सगळं वावर भिजवणाऱ्याला विहीर आटल्यावर दुसरा उपाय नसतो.

आपल्या पवनारच्या विनोबांनी ही गोष्ट कधीच ओळखली होती. भूदानाच्या समित्या गांधी स्मारक निधीच्या पैशावर चालायच्या, 1956 मध्ये तमिळनाडूतल्या पळणीला त्यांनी निधिमुक्ती जाहीर केली, म्हणजे त्या निधीचा पैसा बंद आणि समित्याही विसर्जित. निर्णय मोठ्या मनाचा होता, पण पर्यायी पैसा उभा व्हायच्या आधी झाला, त्यामुळे कित्येक ठिकाणी काम थंडावलं. मला दोन्ही बाजू महत्त्वाच्या वाटतात, एका निधीवर राहणंही धोक्याचं आणि पर्याय नसताना तो सोडणंही.

मग करायचं कसं? मला सगळ्यात पटलेलं उदाहरण अणुइंधनाच्या बँकेचं आहे. अडचण अशी होती की अणुभट्टीसाठी युरेनियम समृद्ध करायचा कारखाना ज्याच्याकडे असतो त्याला त्याच यंत्रांवर बॉम्बचा मालही करता येतो. म्हणून ठरलं की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे इंधनाचा साठा ठेवायचा, एखाद्या देशाचा पुरवठा अडला तर त्याला तिथून मिळेल, स्वतःचा कारखाना काढायचं कारण उरणार नाही. 2006 मध्ये वॉरन बफेटनं ह्यासाठी पाच कोटी डॉलर देऊ केले, पण अट घातली, सदस्य देशांनी मिळून आणखी दहा कोटी टाकले तरच. तो एकटा सगळं देऊ शकत होता, दिलं नाही. मग अमेरिका, युरोपियन युनियन, नॉर्वे, संयुक्त अरब अमिराती आले, 2009 मध्ये कुवेतनं एक कोटी दिल्यावर बेरीज जमली. जागा कझाकस्ताननं दिली, 2017 मध्ये उद्घाटन झालं आणि 2019 मध्ये इंधन प्रत्यक्ष येऊन पडलं. तेरा वर्षं लागली. पण वॉशिंग्टन, कुवेत, ओस्लो सगळ्यांचा पैसा त्यात असल्यामुळे ही बँक कोण्या एका देशाची किंवा एका शेठजीची राहिली नाही. भागीदारी मी ह्याला म्हणतो. चेक घेऊन फोटो काढला म्हणजे भागीदारी झाली असं नाही.

आपल्याकडे कायद्यानंही वाट अरुंद केली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेला पुढं देता येत नाही, म्हणजे दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेनं आणायची आणि आमच्यासारख्या तालुक्यातल्या गटाला द्यायची हा रस्ता बंद, शिवाय कार्यालयीन खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा, आणि आमचं काम तर माणसांच्या वेळेचंच आहे. कंपन्यांचा सीएसआर आहे, मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावाच लागतो, पण तो पैसा दिसणाऱ्या गोष्टीकडे जातो, शाळेचे बेंच, पाण्याचं आरओ मशीन, ज्याच्यावर नाव रंगवता येतं. टळलेल्या विषबाधेवर नाव कुठं रंगवणार? म्हणून आम्ही जवळच्या माणसांपासून सुरुवात केली, जिनिंगवाले, पतसंस्था, मास्तर मंडळी, पुण्यात नोकरीला गेलेली आपली पोरं. नियम मोजकेच ठेवले, कोणा एकाचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या वर घ्यायचा नाही, आणि रिपोर्ट देणगीदाराला आणि गावाला एकाच दिवशी मिळेल, आधी कोणालाच नाही. एका औषध विक्रेत्यानं बरीच मोठी रक्कम देऊ केली होती, अट एवढीच की त्याच्याकडच्या औषधाचं नाव रिपोर्टात यायला नको. चहा घेतला, नाही म्हटलं, उठून आलो. त्या महिन्यात पोरांचा प्रवासखर्च निघाला नाही, पण तो रिपोर्ट आज कोणालाही दाखवता येतो.

राहिला तुमच्या पाचशे रुपयांचा प्रश्न. सर्वोदय पात्र ऐकलं असेल, विनोबांनी घराघरात एक भांडं ठेवायला सांगितलं होतं, रोज लहान पोरानं मूठभर धान्य त्यात टाकायचं आणि ते शांतिसेनेच्या, म्हणजे शांतता राखणाऱ्या स्वयंसेवकांच्या, कामाला द्यायचं. लहान पोराच्या मुठीत दाणे येतात किती, पण त्या घराची त्या कामाला संमती आहे हे त्यातून कळायचं, विनोबांना तेच पाहिजे होतं. तुमचे पाचशे रुपये मी तसेच धरतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दात्याकडे जाताना चारशे शेतकऱ्यांच्या पावत्या हातात असल्या तर बोलणं वेगळं होतं, कारण मग कोणता प्रश्न आधी तपासायचा हे तो एकटा ठरवत नाही. आज एआयच्या सुरक्षेवरचा बहुतेक पैसा इंग्रजीत विचार करणाऱ्यांकडून येतो, त्यामुळे प्रश्नही त्यांचेच तपासले जातात, पंपाचं अन् एकराचं माप त्यांच्या यादीत येणार कुठून?

आणि हिशेब. जमाखर्चाचा कागद दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतो, पण तो तपासतात गटातलेच लोक आणि तेवढ्यानं भागत नाही हे तुमचं बरोबर आहे. गटाबाहेरची, देणगी न दिलेली दोन माणसं आम्हाला ह्या कामासाठी पाहिजेत. एक नाव मास्तरांनी सुचवलं आहे. दुसरे तुम्ही या भाऊ, पाचशे रुपये सध्या तुमच्याकडेच राहू द्या, कारण दिले तर तुम्हाला तपासता येणार नाही. दिवाळीनंतर कापूस वेचून मोकळे झाले की कळवा, पावतीपुस्तकं आणि बँकेचं पासबुक दोन्ही घेऊन मीच दिग्रसला येतो.