बचावपटू उशिरा घडतो

आइस हॉकीतील बचावपटूची वाटचाल मांडणारा एक लेख वाचला. त्यात ड्राफ्टमधील, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेतील, क्रमांकाला फार महत्त्व दिले गेले आहे, असे मला वाटते. स्वीडनच्या निकलस लिडस्ट्रॉमला डेट्रॉइट रेड विंग्ज या अमेरिकी संघाने १९८९ मध्ये तिसऱ्या फेरीत, ५३ व्या क्रमांकावर निवडले. त्यानंतरही तो दोन हंगाम मायदेशीच खेळला आणि १९९१ मध्ये अमेरिकेत गेला. सर्वोत्तम बचावपटूला दिला जाणारा नॉरिस करंडक त्याला प्रथम मिळाला तो थेट २००१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आणि सातवा व शेवटचा मिळाला तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती.

बचावपटू असा उशिरा घडतो, याचे कारण बचावाच्या स्वरूपातच आहे. आघाडीचा खेळाडू चकती मिळताच पुढे झेपावतो. बचावपटूला मात्र तोंड प्रतिस्पर्ध्याकडे ठेवून उलटे घसरत जावे लागते, स्टिक पुढे धरून मधला मार्ग बंद करावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याला हळूहळू कडेच्या फळीकडे रेटत न्यावे लागते. घाईने अंगावर धावून गेला, की मागे सगळे रान मोकळे! आमच्या सांगलीत कबड्डी पाहत वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको, कारण चढाईपटू पुरता आत येण्याआधीच झेप घेणारा कोपरारक्षक फुकटचा गुण देऊन बसतो. लिडस्ट्रॉमला १५६४ साखळी सामन्यांत मिळून नियमभंगासाठी अवघी ५१४ मिनिटे खेळाबाहेर बसण्याची शिक्षा झाली, हा आकडा मला त्याच्या गोलांपेक्षा मोलाचा वाटतो. लेखातील तक्त्यात मात्र गोल आणि साहाय्य एवढेच रकाने आहेत.