‘एवढा बाऊ कशाला’ म्हणणाऱ्या खानापूरच्या वाचकांना

नमस्कार,

ओपन रिडायरेक्टवरच्या, म्हणजे आपल्याच साइटची लिंक भलत्या साइटवर नेऊन सोडते त्या दोषावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “पत्ता आपल्या डोमेननं सुरू होतो का एवढं बघितलं की झालं. बेळगावात बसून कशाला बाऊ करताय?” दुसरं वाक्य आधी घेतो. बेळगावात बसून काय करायचं नसतं, तेवढं सांगा की! ब्राउझर टिळकवाडीत एक आणि बंगळुरात दुसरा असा चालत नाही. बारा वर्षं लॉगिनची पानं तपासूनच पोट भरतोय. ‘बाऊ’ शब्द जरा जपून वापरायचा होतात.

एक चूक मान्य. लेखात एका ठिकाणी बॅकस्लॅशच्या जागी साधा स्लॅश पडला होता. दुरुस्त केलाय, आभार.

आता ते ‘सुरू होतो का’. पाटीवरची ‘बेळग’ एवढीच अक्षरं बघून बसमध्ये चढलात तर बेळगुंदीलाही पोचाल. समजा साइट पतपेढी.इन आहे आणि लॉगिननंतर कुठं जायचं तो पत्ता लिंकमधल्या ‘नेक्स्ट’ या भागात येतो. तुमची तपासणी ‘एचटीटीपीएस://पतपेढी.इन’ एवढीच सुरुवात जुळवते. मग ‘एचटीटीपीएस://पतपेढी.इन.चोर.कॉम’ बिनबोभाट आत. डोमेनचा मालक उजवीकडून कळतो, आणि तो इथं चोर.कॉम. ‘एचटीटीपीएस://पतपेढी.इन@चोर.कॉम’ही चालतो, कारण ॲटच्या आधीचा भाग ब्राउझर युजरनेम समजतो.

शेवटी स्लॅश जोडून तुलना केलीत तर ही दोन्ही भोकं बुजतात. पण मग साइटच्या आतले ‘/खाते’सारखे पत्ते अडतात, म्हणून कुणीतरी ‘स्लॅशनं सुरू झालं तर सोडा’ अशी ओळ वाढवतं. खरी गंमत तिथून. ‘//चोर.कॉम’ही स्लॅशनंच सुरू होतं, आणि ब्राउझर सरळ चोराकडं जातो. दोन स्लॅश अडवा, ‘/\चोर.कॉम’ येतं, वेब पत्त्यांत ब्राउझर बॅकस्लॅशला स्लॅशच धरतो. तेही अडवा, दोन स्लॅशांच्या मध्ये टॅब घालून येतं. टॅब ब्राउझर गाळून टाकतो.

म्हणून अक्षरं जुळवत बसायचं नाही. पत्ता आपल्या साइटच्या आधारानं पार्सरमधून, म्हणजे पत्त्याचे भाग सुटे करणाऱ्या कोडमधून, काढायचा, स्कीम (सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’) आणि होस्ट (साइटचं पूर्ण नाव) तंतोतंत जुळवायचे, आणि पार्सरनं दिलेला पत्ताच पुढं पाठवायचा, मूळ स्ट्रिंग नाही. त्याहून बरं म्हणजे पत्ता घ्यायचाच नाही: ‘नेक्स्ट=३’ घ्या, ३ म्हणजे कुठलं पान ते सर्व्हरवरच्या तक्त्यात ठेवा.

‘नुसतं दुसऱ्या पानावर तर नेतं’ म्हणालात. सभासद खऱ्या पतपेढीच्या लिंकवर लॉगिन करतो, पुढच्या क्षणी ‘पासवर्ड चुकला, पुन्हा टाका’ असं हुबेहूब पान दिसतं. ते चोराचं असतं. बास.

ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत हे दहावं होतं, २०१७ ला वेगळं कलम राहिलं नाही, हे खरंय. यादी बदलली, ब्राउझर नाही.

तुम्ही मोठ्या तोऱ्यात चिकटवलेल्या तीन ओळींच्या कोडमध्ये वरचे पत्ते एकेक टाकून बघा. हे प्रतिक्रिया लिहिण्याआधी केलं असतंत तरी चाललं असतं.