सही करायची घाई नको

अपघाताच्या भरपाईवरची ही प्रश्नोत्तरं चांगली घेतली आहेत, पण ‘थोडी चूक माझीही होती, मग भरपाई मिळेल का?’ हा प्रश्न दोन ओळींत उरकलाय. लोक अडतात ते इथेच. १८०९ साली इंग्लंडमध्ये एकाने घरदुरुस्तीसाठी रस्त्यात वासा आडवा टाकला होता. तिन्हीसांजेला घोडा भरधाव सोडून आलेला एक जण त्यावर आदळून पडला. कोर्ट म्हणालं, बेताने आला असतास तर वासा दिसला असता, भरपाई नाही. तिथे हा नियम बदलला तो थेट १९४५ च्या कायद्याने. आता अनेक देशांत तुमच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कापतात, अख्खा दावा बुडत नाही. तेव्हा ‘माझंच लक्ष नव्हतं’ म्हणून गप्प बसू नका. (आणि समोरच्याच्या विमावाल्याला फोनवर तर हे वाक्य ऐकवूच नका!)

मी दुसरीकडेच फसलो. ओल्या जिन्यावरून घसरलो, मनगट सुजलं, एक्स-रे साफ. चौथ्या दिवशी विम्याचा एक गोडबोल्या माणूस कागद घेऊन हजर. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’, म्हणजे यानंतर काही मागायचं नाही, बारीक अक्षरात. केली सही. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, हे तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढल्यावर कळलं. पुढचा सगळा खर्च माझ्या खिशातून. जिन्याचे फोटो अजून मोबाइलमध्ये पडून आहेत.