एकट्याने खेळायच्या खेळाला इंटरनेट कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात खेळलेल्या व्हिडिओ गेमविषयी लिहायला बसलो की ग्राफिक्स, कथा, संगीत या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते आणि संताप आवरत नाही. पैसे मोजून घेतलेला, केवळ एकट्याने खेळायचा, माझ्याच लॅपटॉपवर उतरवून ठेवलेला खेळ इंटरनेट नाही म्हणून सुरूच होत नाही. समोर दुसरा खेळाडू नाही, सोबतीला कोणी नाही. गाडी चालवणारा मी आणि शर्यतीतल्या बाकीच्या गाड्या संगणकाने चालवलेल्या. तरीही कुठल्याशा दूरच्या सर्व्हरने होकार दिल्याखेरीज मला माझ्याच खेळातल्या गॅरेजमध्ये पाऊल टाकता येत नाही. हा निव्वळ अन्याय आहे, आणि तो वर्षानुवर्षे इतक्या सहजपणे चालू आहे की त्याविषयी तक्रार करणाऱ्यालाच लोक विचित्र समजू लागले आहेत.

मी दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका वाडीत राहतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी बागेतली कामे आणि रात्री जेवणे आटोपल्यावर जमेल तेव्हा तासभर खेळ, एवढाच माझा या छंदाशी संबंध. पावसाळ्यात इकडे काय होते ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. मृगाचा वारा सुटला की कुठेतरी फणसाची फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. लाईट गेली की काही तासांत मोबाइलच्या टॉवरची बॅटरी उतरते, आणि फायबरची केबल विजेच्याच खांबांवरून ओढलेली असल्यामुळे खांब आडवा झाला की तीही जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येऊन गेले, त्यानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तेवढे मोठे संकट दरवर्षी येत नाही, पण वर्षातले चार महिने नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही, हे मात्र दरवर्षीचेच आहे. आणि खेळ खेळायला सवड मिळते ती नेमकी याच दिवसांत. बाहेर पडता येत नाही, घरात इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप चार्ज केलेला आहे, पागोळ्यांच्या आवाजात टीव्हीसुद्धा धड ऐकू येत नाही. अशा रात्री खेळ चालला नाही, तर तो घेतला कशासाठी?

ज्या मोटारशर्यतीच्या खेळाने माझा संयम संपवला, त्याचे नाव येथे घेत नाही. आषाढातली रात्र होती. भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे केबल कुठेतरी तुटलेली. मोबाइलवर एकही काडी नव्हती. खेळ सुरू केला, कंपनीचे बोधचिन्ह झळकले, संगीत वाजले, पावसात भिजलेली एक देखणी गाडी पडद्यावर फिरून गेली आणि मग काळ्या पट्टीवर संदेश आला की सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही. त्याखाली दोनच बटणे होती: पुन्हा प्रयत्न करा आणि बाहेर पडा. ‘नेटशिवाय खेळा’ असे तिसरे बटण नव्हते. ती गाडी, तो रस्ता, तो पाऊस, सगळे माझ्या डिस्कवर होते. त्याशिवाय ते पडद्यावर दिसलेच नसते. केबल जोडून मिळाल्यावर ग्राहकसेवेला लिहिले, तर उत्तर आले की राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. ज्या माणसाने केबल तुटल्याचे सविस्तर लिहिले आहे त्याला राउटरचे बटण दाबायला सांगणे म्हणजे त्याचे पत्र न वाचणे आहे, आणि त्या उत्तराचा मला खेळ न चालण्यापेक्षाही जास्त राग आला.

हा प्रश्न केवळ आमच्या आडगावातल्या नेटवर्कचा आहे, असे कोणी म्हणू नये. २०२२ च्या मार्चमध्ये ग्रॅन टुरिस्मो ७ या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद केले आणि ती दुरुस्ती ३० तासांहून अधिक लांबली. खेळाचा बहुतेक भाग, अगदी एकट्याने खेळायची मोहीमसुद्धा, सर्व्हरला बांधलेली असल्यामुळे जगभरातल्या ज्या लोकांच्या घरी उत्तम इंटरनेट होते तेही हात चोळत बसले. २०१३ मध्ये सिमसिटी आला तेव्हा तर विकत घेणाऱ्यांना पहिले काही दिवस आत शिरताच येत नव्हते. शहर वसवण्याचा खेळ तो, एकट्याने निवांत रस्ते आखायचे आणि पाण्याच्या टाक्या बांधायच्या. नेटशिवाय हा खेळ चालवायचा तर फार मोठे तांत्रिक काम करावे लागेल, असे त्या वेळी निर्मात्यांकडून सांगितले गेले. वर्षभराने, २०१४ च्या मार्चमध्ये, त्याच खेळाला नेटशिवाय खेळण्याची सोय देण्यात आली. म्हणजे काम करण्याजोगे होते. ते आधी करायचे नव्हते, इतकेच.

द क्रू या खेळाचे जे झाले ते याहूनही वाईट. २०१४ साली आलेल्या या शर्यतीच्या खेळात अख्ख्या अमेरिकेतून गाडी हाकता येत असे, आणि बरेच लोक तो एकट्यानेच खेळत. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर कायमचे बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती त्यांच्या हाती काहीही उरले नाही. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. सर्व्हर बंद करा, पण जाताना खेळ चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा, एवढी साधी मागणी, आणि तिच्यासाठी युरोपीय महासंघातील नागरिकांच्या याचिकेवर जुलै २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपल्याकडे मात्र या विषयावर कोणी बोलायला लागले की ‘मोठा झालास, अजून गेम काय खेळतोस’ एवढ्यावर चर्चा आटोपते. वस्तू कोणतीही असो, विकणाऱ्याने ती विकल्यानंतर परत काढून घेतली तर तो ग्राहकाचा प्रश्न असतो. भात माझ्या कणगीत असावे आणि दर जेवणाआधी झाकण उघडण्याची परवानगी शेजारच्या तालुक्यातून मागवावी लागावी, हे कोणत्याही शेतकऱ्याने ऐकून घेतले नसते.

त्यानंतर येतो आकाराचा विषय. बाल्डर्स गेट ३ ला संगणकावर १५० जीबी जागा लागते. खेळ म्हणून तो अप्रतिम आहे; त्यातल्या प्रत्येक पात्राला स्वतःचे म्हणणे आहे, आपण घेतलेल्या निर्णयाचे परिणाम कितीतरी तासांनी समोर येतात, आणि एकदा उतरवल्यावर तो नेटशिवाय खेळताही येतो. त्यामुळे त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, पण हिशेब पाहा. आमच्याकडे बरीच घरे अजून रोज दीड जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर आहेत. त्या पॅकवर दुसरे काहीही न करता केवळ हा खेळ उतरवायचा म्हटला तरी १०० दिवस लागतील. दहा एमबीपीएसची केबल घेतली आणि ती एकदाही तुटली नाही, तरी सुमारे ३३ तास. आता स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानाचा पैसे परत देण्याचा नियम असा की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असताना विनंती करावी. ज्याचा खेळ १४ दिवसांत उतरतच नाही, त्याने तो आवडला की नाही हे ठरवायचे कधी? हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातला कोकण कधीच आलेला नसणार. अखेर भाच्याने डोंबिवलीहून गणपतीला येताना माझ्याच खात्यावरचा हा खेळ पोर्टेबल हार्ड डिस्कवर भरून आणला, म्हणून मला तो खेळायला मिळाला.

खेळ उतरला म्हणजे सुटलो, असेही नाही. अपडेट आले की काही खेळ ते घेतल्याशिवाय सुरूच होत नाहीत. कालपर्यंत व्यवस्थित चालणारा खेळ आज अडून बसतो, कारण दुकानदार सॉफ्टवेअरला तेवढ्यात दोन मिनिटे नेट मिळाले आणि त्याला नवी आवृत्ती आल्याचे कळले. मग ती वीस-तीस जीबीची आवृत्ती उतरेपर्यंत जुनी आवृत्ती चालवायलाही बंदी. अपडेटमध्ये काय असते? बहुतेक वेळा इतर लोकांशी ऑनलाइन खेळायच्या विभागातल्या नव्या पोशाखांची आणि बंदुकांच्या रंगांची भर. मी त्या विभागात कधी गेलोही नाही, तरी त्याचे ओझे माझ्या डेटावर.

क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, खेळातली प्रगती जतन करण्याची सोयही अशीच. भाचा गणपतीच्या दिवसांत माझ्या लॅपटॉपवर एक साहसखेळ रोज रात्री आरतीनंतर खेळत होता. नेट येऊन-जाऊन होते. एके दिवशी ते नीट आले आणि सॉफ्टवेअरने विचारले की क्लाउडवरची नोंद ठेवायची की संगणकावरची. दोन्हींच्या तारखा अशा काही दाखवल्या होत्या की नवी कोणती ते कळू नये. पोराने बटण दाबले आणि त्याची सगळी मेहनत पुसली गेली. ‘मामा, मी खेळलो होतो रे सगळं, ते गेलं कुठे?’ असे तो रडवेल्या आवाजात विचारत होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. जुनी नोंद आपोआप बाजूला जपून ठेवायला कितीशी जागा लागते? काही एमबी. दीडशे जीबी मागणाऱ्यांना तेवढे सुचू नये, याची चीड येते.

चोरट्या प्रती रोखण्यासाठी हे सारे करावे लागते, हा कंपन्यांचा ठरलेला बचाव. डेनुव्होसारखे संरक्षण लावलेला खेळ पहिल्यांदा सुरू करताना सर्व्हरकडून परवाना घ्यावा लागतो, आणि एकदाच असेल तर तेही मी समजू शकतो. पण दररोज, दर वेळी? ज्याने कुलूप तोडलेली प्रत घेतली आहे तो अशा पावसात निवांत खेळत असतो, कारण त्याच्या प्रतीत ही तपासणीच काढून टाकलेली असते. शिक्षा होते ती बिल भरणाऱ्याला. मी चोरटी प्रत घेणार नाही, कारण खेळ बनवणाऱ्यांचे कष्ट मला ठाऊक आहेत; पण प्रामाणिक ग्राहकालाच संशयित मानून रोज हजेरी लावायला सांगणाऱ्या कंपनीने माझ्याकडून निष्ठेची अपेक्षा ठेवू नये.

हे जमतच नाही असे म्हणायलाही जागा नाही. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या एका माणसाने चार-साडेचार वर्षे खपून बनवला आणि २०१६ मध्ये आणला. आकार जेमतेम अर्धा जीबी. त्यात दिवस संपवून झोपायला गेल्यावरच प्रगती जतन होते, एवढीच काय ती गैरसोय. बाकी लाईट असो नसो, लॅपटॉपमध्ये जीव आहे तोवर पेरणी करा, मासे पकडा, खाणीत उतरा. २०२४ मध्ये त्याला नव्या गोष्टींची मोठी भर मिळाली, तीही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या छोट्याशा टीम चेरीचा हॉलो नाइट मी उशिरा, पण मनापासून खेळलो. काळोख्या भुयारांतून वाट शोधताना, बाकड्यावर बसून दम खाताना, त्याने एकदाही मला नेट आहे का असे विचारले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला त्याचा पुढचा भाग, सिल्कसाँग, माझ्यासारख्या अधूनमधून खेळणाऱ्याला फार कठीण वाटतो आणि काही लढती विनाकारण लांबवल्यासारख्या वाटतात, पण हरलो तर माझ्या हाताच्या वेगामुळे हरलो, सर्व्हरमुळे नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला राजी मी एका पावसाळी आठवड्यात पूर्ण केला. भावाला शोधायला निघालेली ती मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडणारी कथा, बाहुल्यांच्या सावल्यांतून दाखवलेले प्रसंग हे सारे फार सुंदर आहे. कॅमेरा मधूनच अडचणीच्या कोनात जातो आणि लढाईत हवी ती सफाई नाही, पण तो खेळ माझा आहे आणि मला वाटेल तेव्हा सुरू होतो. अब्जावधी रुपयांच्या कंपन्यांना जे जमत नाही म्हणून सांगतात, ते मूठभर माणसांनी करून दाखवलेले आहे.

माझे मागणे मोठे नाही. एकट्याने खेळायच्या विभागाला नेट लागत असेल, तर ते दुकानाच्या पानावर किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. खाली आवश्यकतांच्या यादीत, मेमरी आणि ग्राफिक्स कार्डाच्या मागे दडवू नये. अपडेट नाकारून जुनी आवृत्ती खेळण्याची मुभा असावी. सर्व्हर बंद करायची वेळ आली तर आधी नेटशिवाय चालणारी आवृत्ती द्यावी आणि मग खुशाल कुलूप लावावे. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावे लागेल. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्या शर्यतीच्या खेळाची पावती, काळ्या पट्टीवरच्या संदेशाचे छायाचित्र आणि राउटर बंद करून सुरू करा म्हणणारे ते उत्तर, असे तिन्ही कागद जोडून मी तेथे तक्रार नोंदवणार आहे. त्या मालिकेचा पुढचा भाग जाहीर झाला आहे आणि त्याच्या पानावर पुन्हा, अगदी तळाला, ‘कायमस्वरूपी इंटरनेट आवश्यक’ असे लिहिलेले आहे. तो मी घेणार नाही, आणि भाच्यालाही घेऊन देणार नाही.