'स्टार ट्रेक'मधील फेझरने सगळ्यांना बेशुद्ध करता येते, तर मग लढाई कशासाठी?

विज्ञानकथांतील किरणशस्त्रांवर वाद सुरू झाला की तो बहुधा एकाच आक्षेपापाशी अडतो: प्रकाश असा डोळ्यांदेखत पुढे सरकत नाही. आक्षेप खराच आहे. चित्रपटाची एक फ्रेम सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरती पडद्यावर असते आणि तेवढ्या अवधीत प्रकाश सुमारे 12,500 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाइतके अंतर कापतो. तेव्हा 'स्टार वॉर्स'मध्ये बोळातून धावताना दिसणारा तो लाल तुकडा प्रकाश असणे शक्यच नाही. तरीही हा आक्षेप मला किरकोळ वाटतो, कारण ब्लास्टर, म्हणजे तो तुकडा सोडणारे शस्त्र, ही मुळात बंदूकच आहे. 1977च्या पहिल्या चित्रपटातील अंतराळयुद्धे रचताना दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस यांनी दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या झुंजींची दृश्ये नमुना म्हणून वापरली; कथेतील साम्राज्याच्या सैनिकांच्या हातातील शस्त्रे ब्रिटिश स्टर्लिंग बंदुकीवरून आणि हान सोलो या पात्राचे पिस्तूल जर्मन माउझरवरून बनवले गेले; आणि ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी मनोऱ्याच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून त्यांचा आवाज मिळवला. हा मारा बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो म्हणूनच तो चुकवता येतो, लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारीने परतवता येतो, आणि जेडाय योद्ध्यांचे सारे कौशल्य त्याच मंदपणावर उभे राहते. भौतिकशास्त्रात ते बसत नसेल, पण कथेत ते चोख बसते.

माझी कसोटी वेगळी आहे. लेखकाने शस्त्राला वाटेल ते सामर्थ्य द्यावे, माझी हरकत नाही. मात्र एकदा दिलेले सामर्थ्य त्या जगातील माणसांच्या लक्षात राहिले पाहिजे. या कसोटीवर सर्वांत वाईट गुण 'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेतील फेझर या किरणशस्त्राला मिळतात, आणि हे मी त्या मालिकेवरील प्रेमापोटीच लिहीत आहे.

सुरुवात तर शहाणपणाची होती. थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर 1960मध्ये चालवून दाखवला होता आणि मालिकेच्या पहिल्या पायलट, म्हणजे चाचणीसाठी केलेल्या भागात पात्रांच्या हाती लेझर पिस्तुलेच होती. पुढे निर्मात्यांनी 'फेझर' हे काल्पनिक शस्त्र आणले, जेणेकरून खऱ्या लेझरला हे जमत नाही, असे कोणी म्हणू नये. पळवाट उत्तम होती, पण मर्यादा ठरवण्याची जबाबदारीही त्याबरोबर लेखकांवर आली आणि तिच्याकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही.

फेझरने माणूस नाहीसा होतो, ते दृश्य जरा जवळून पाहू. सत्तर किलोचे शरीर म्हणजे निव्वळ पाणी, असे हिशेबापुरते धरले, तरी त्याची वाफ करायला सुमारे साडेसतरा कोटी ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे लाइट बिलाच्या भाषेत अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास युनिट, आणि स्फोटकांच्या भाषेत चाळीस किलोंहून अधिक टीएनटी. ही ऊर्जा तळहातावर मावणाऱ्या यंत्रातून दोन-तीन सेकंदांत बाहेर पडते, हेही क्षणभर मान्य करू. पण त्या वाफेचे काय? सत्तर किलो पाण्याची वाफ साध्या दाबाखाली सुमारे 117 घनमीटर जागा व्यापते. वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतही ती मावायची नाही. याचा अर्थ, बंद खोलीत फेझर चालवणारा स्वतः त्याच क्षणी भाजून निघाला पाहिजे. पडद्यावर मात्र शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या कपाळावर घामही येत नाही, आणि किरणाला अंगावरचे कपडे कळतात, पण पायाखालची जमीन कळत नाही!

हेही मी सोडून देईन. मला खरा राग आहे तो बेशुद्ध करणाऱ्या सेटिंगचा. जानेवारी 1968मध्ये दाखवल्या गेलेल्या 'अ पीस ऑफ द ॲक्शन' या भागात कॅप्टन कर्क कक्षेतील यानाला एका इमारतीभोवतीच्या परिसरावर फेझर सोडायला सांगतो आणि रस्त्यावरचे सगळे गुंड एका झटक्यात बेशुद्ध होऊन पडतात. कोणालाही इजा होत नाही. प्रसंग विनोदी आहे आणि उत्तम वठला आहे. परंतु ज्या क्षणी हे शक्य आहे असे आपल्याला कळले, त्या क्षणी त्या विश्वातील ओलिसांच्या, दंगलींच्या आणि वेढ्यांच्या कथांवर पाणी पडले. कक्षेतून सगळ्यांना झोपवा आणि मग निवांत खाली उतरून आपली माणसे तेवढी उचला. हा उपाय कोणी का वापरत नाही, याचे कारण मालिकेने एका वाक्यात दिले असते तरी मी समाधान मानले असते. ते न देता पुढच्या भागांत तेच अधिकारी खडकाआड लपून एकेकावर नेम धरताना दिसतात.

याउलट, 1965च्या 'ड्यून' कादंबरीत फ्रँक हर्बर्ट यांनी एकच नियम केला आणि तो शेवटपर्यंत निभावला. लेझगन या किरणबंदुकीचा किरण संरक्षक कवचावर पडला तर अणुस्फोटासारखा स्फोट होतो, आणि त्यात झाडणारा व झेलणारा असे दोघेही मरतात. कवच वेगवान वस्तू अडवते, हळू सरकणारे पाते मात्र आत जाऊ देते. या एवढ्यावरून सुरीच्या लढाईची सबंध संस्कृती उभी राहते. कवचांच्या काळात तोफा निकामी, असे सारे जग मानत असताना शत्रू त्याच जुन्या तोफा आणतो आणि गुहांत आश्रय घेतलेल्या सैनिकांना आतच गाडून टाकतो. नियमाचा परिणाम, आणि त्या परिणामाचाही परिणाम! दूरवरून यंत्राकरवी लेझगन चालवून शत्रूचे शहर का उडवू नये, ही शंका उरतेच. पण अणुशस्त्रांवरील बंदीचा दाखला देऊन कादंबरीने तिचीही बरीचशी दखल घेतली आहे.

'स्टार वॉर्स'मधील डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या शस्त्राबद्दलही माझी तक्रार नाही. पृथ्वीएवढा ग्रह कायमचा उधळून द्यायला सूर्य जवळपास आठवडाभरात बाहेर टाकतो तेवढी ऊर्जा लागते. हे अचाट आहे, पण पहिल्या चित्रपटात ते शस्त्र एकमेव आहे, चंद्राएवढे दिसते आणि सगळी कथाच त्याच्या भोवती फिरते. ते कोणाच्या खिशात नसते.

खऱ्या लेझरचे वागणे या सगळ्यांहून निराळे आहे. डीआरडीओने एप्रिल 2025मध्ये कर्नूल येथे 30 किलोवॉटच्या लेझर शस्त्राने ड्रोन पाडून दाखवले. तिथे ना लाल रेषा, ना आवाज. किरण लक्ष्याच्या एकाच बिंदूवर काही काळ धरून ठेवावा लागतो आणि धूळ-धुके आडवे आले की तो क्षीण होतो. गंमत म्हणजे, 1898च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मधील मंगळवासीयांचा उष्णताकिरण अदृश्यच होता आणि पाण्यावर पडताच पाण्याची स्फोटासारखी वाफ होत होती. एच. जी. वेल्स यांना लेझर ठाऊक असणे शक्यच नव्हते, तरी वाफ त्यांच्या लक्षात होती.

लेझरचा सर्वांत भयंकर गुण मात्र पडद्यावर जवळजवळ येतच नाही. माणूस मारण्यापेक्षा त्याला आंधळे करणे लेझरला कितीतरी सोपे आहे, आणि म्हणूनच मुद्दाम कायमचे अंधत्व आणणाऱ्या लेझर शस्त्रांवर 1995मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घालण्यात आली. पडद्यावर शेकडो किरण भिंतींवर आपटून उजळतात, तरी एकाही सैनिकाच्या डोळ्यांना काही होत नाही. ही बाब गांभीर्याने घेतलेली एखादी मालिका किंवा कादंबरी कोणाच्या वाचण्या-पाहण्यात आली असेल, तर नाव अवश्य कळवावे. मराठीतील असेल तर आधी.