नकाशावर हद्द आखली म्हणजे प्रवाळ वाचलं असं नाही
एका लेखात म्हटलंय की सागरी अभयारण्य जाहीर केलं की तिथली प्रवाळं वाचतात, हे मला अर्धंच पटलं. मी साताऱ्याचा, समुद्र आमच्यापासून लांब, पण मालवणला दोनदा जाऊन आलोय आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून प्रवाळ बघितलंय, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मालवणचं अभयारण्य १९८७ सालचं, साधारण २९ चौरस किलोमीटर. पण हद्दीमुळं थांबतं काय, तर मासेमारी, नांगर टाकणं, प्रवाळ तोडणं. पाणी तापणं कसं थांबणार? नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त आणि ते काही आठवडे टिकलं की प्रवाळ आपल्या आतलं, त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०१६ ला ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळ बेटांच्या रांगेचा उत्तरेकडचा भाग, जिथं माणसाचा वावर सगळ्यात कमी, तोच जास्त भाजला.

आता संरक्षण फुकट जातं असं म्हणत नाहीये मी, खडकावर वाढणारं शेवाळ खाणारे पोपटमासे टिकले तर नंतर नवीन प्रवाळाला बसायला जागा मिळते, ते फार मोलाचं आहे. पण मोजायचं तर हद्दीच्या आत आणि बाहेर, जाहीर होण्याआधी आणि नंतर, असं दोन्हीकडं मोजा ना. आमच्या कास पठारावर पर्यटक मोजतात तसं नुसतं नको, तिथंही फुलं किती टिकली हाच खरा प्रश्न आहे. मालवणचे असे वर्षावर्षाचे आकडे लेखात द्यायला हवे होते.