साक्षीदार नव्हता म्हणे

परवा रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्या भाच्याने एक मेसेज टाकला. भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे उठून सोळाशे मीटर पळतो, गोळाफेक करतो, दुपारभर अभ्यासिकेत बसतो. मेसेज असा: "शंभरावर गुंड संपवणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप! प्रत्यक्ष पाहणारा एकही साक्षीदार नाही! खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेलं. मेला तो नामचीन गुंड. पोलीस आपली ड्युटी करत होते. अंडरवर्ल्ड चकमकींनीच संपवलं. मानवाधिकारवाल्यांना पोलीस मेले की दिसत नाही. आता कोण गोळी चालवेल? खरा मराठी असशील तर पुढे पाठव." खाली भाच्याचं एक वाक्य: "पोलिसात जावं की नाही तेच कळत नाही." त्याखाली माझ्या दादाचे, म्हणजे त्याच्या बापाचे, तीन जोडलेले हात.

हा मेसेज मार्च २०२४ पासून फिरतोय. कुठे नवी चकमक झाली की अंगावर नवे कपडे घालून परत येतो. आजवर मी सोडून देत होते. पण जो पोरगा उद्या खाकी घालणार, त्याने हे खरं मानलं तर मग गप्प कसं बसायचं?

खटला कोणता तेही मेसेजमध्ये धड लिहिलेलं नाही. हा लखनभैया चकमकीचा खटला. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला एका मित्रासह वाशीतून उचललं आणि त्याच रात्री वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ तो "चकमकीत" मारला गेला. त्याच्या वकील भावाने उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत चकमक बनावट ठरली आणि २००९ साली न्यायालयाने विशेष तपास पथक नेमलं. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी धरलं, त्यात १३ पोलीस. मेसेजमधला अधिकारी, प्रदीप शर्मा, सुटला. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ती सुटका रद्द करून त्याला जन्मठेप दिली. १२ पोलीस आणि एका खाजगी माणसाची शिक्षा कायम केली आणि सहा खाजगी माणसांना सोडलं. शर्माने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याला शरण येण्यापासून सवलतही मिळाली. म्हणजे त्याच्यापुरता शेवटचा शब्द अजून बाकी आहे, हे मी आधीच मान्य करते.

"साक्षीदार नाही" या वाक्यापाशी मात्र मला थांबायचंय, कारण त्यावर माझं डोकं सर्वांत जास्त फिरलं. लिहिणाऱ्याला हा आपला हुकमाचा एक्का वाटतोय. अरे, साक्षीदार होता. लखनभैयाबरोबर वाशीतून ज्याला उचललं तो त्याचा मित्र. दोघांना कसं उचललं ते त्याने पाहिलेलं. फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार चकमकीनंतरही त्याला महिनाभर डांबून ठेवलं होतं. खटल्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच. मार्च २०११ मध्ये, साक्षीला काही दिवस उरले असताना, तो घरातून बाहेर पडला आणि परत आलाच नाही. मनोरच्या बाजूला जळालेला मृतदेह सापडला, तो त्याचा निघाला. त्याला कोणी मारलं हे आजवर कुठल्या कोर्टात सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मी कोणाकडे बोट दाखवत नाही. पण उच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात त्याच्या मारेकऱ्यांचा इतक्या वर्षांत शोध लागला नाही ही लाजेची गोष्ट असल्याचं म्हटलं आहे. आणि हा मेसेज ज्याने लिहिला तो म्हणतो, "साक्षीदार नाही!" खाली उद्गारचिन्ह. त्या मेलेल्या साक्षीदाराच्या बायकोने हे वाचलं असेल का, एवढंच माझ्या मनात आलं. तिने तर २००६ सालीच, नवरा उचलला गेला त्याच दिवशी, वाशी पोलीस ठाण्यात तो बेपत्ता असल्याची तक्रार दिली होती.

आणि साक्षीदार गेला म्हणून खटला मरत नाही, हेही कायद्याचं पुस्तक उघडणाऱ्याला कळलं पाहिजे. साध्या खुनात आधी सिद्ध करावं लागतं की मारलं कोणी. चकमकीत पोलिसांचीच फिर्याद सांगते की गोळ्या आमच्या पथकाने झाडल्या. प्रश्न उरतो एकच: स्वसंरक्षणासाठी झाडल्या का? आणि स्वसंरक्षण हा अपवाद आहे. ज्याला त्याचा आधार घ्यायचा त्याने तो दाखवायचा, असं साक्ष अधिनियमाचं कलम १०५ सांगत होतं, आणि नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे.

मग न्यायालयाने काय पाहिलं? फोनच्या नोंदी पाहिल्या. मृतदेहातून निघालेल्या गोळीचा बॅलिस्टिक अहवाल पाहिला, जो सत्र न्यायालयाने बाजूला सारला होता आणि उच्च न्यायालयाने शर्माविरुद्ध धरला. आणि तारा, म्हणजे टेलिग्राम, पाहिल्या. हो, तारा! माणूस उचलला गेल्याचं कळताच भावाने त्या दिवशी पोलीस आयुक्तांना आणि इतरांना तारा आणि फॅक्स धाडले होते, की माझ्या भावाला पोलिसांनी नेलंय, त्याचं काही बरंवाईट होईल. चकमक रात्री आठच्या सुमाराची. तारा त्याआधीच्या. जो माणूस रात्री आठ वाजता पोलिसांना "अचानक" भेटला, तो त्यांच्याच ताब्यात असल्याची लेखी बोंब आधीच ठोकलेली होती. मेलेला माणूस किंवा फुटलेला साक्षीदार बोलणार नाही, पण तारेवरचा शिक्का बोलतो. (सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच आठवड्याच्या शेवटी देशातलं तारखातं कायमचं बंद झालं. हे आपलं जाता जाता.)

आता "ड्युटी करत होते". ठीक. ड्युटी करणाऱ्यांच्या टोळीत खाजगी माणसं काय करत होती? सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी धरलं, त्यातले आठ पोलीस नव्हतेच. त्यातले सहा पुढे सुटले, एक अपील चालू असताना वारला, पण एकाची शिक्षा उच्च न्यायालयातही टिकली. सरकारी कारवाईला बाहेरची माणसं लागतात ती कुठल्या नियमाने, हे मेसेजवाल्याने सांगावं.

"खालच्या कोर्टाने सोडलं होतं." अपील कशाला असतं मग? खालच्या कोर्टाने शिक्षा दिली की वर जायचं आणि सोडलं की तेच अंतिम, असा नियम कुठेच नाही. आणि उच्च न्यायालयाने सुटका उलटवून जन्मठेप दिली तर आरोपीला सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्कच असतो, परवानगी मागावी लागत नाही. व्यवस्था पोलिसांवर उठलीय म्हणणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०१५ च्या डिसेंबरात याच खटल्यातल्या ११ दोषी पोलिसांची जन्मठेप राज्य सरकारने सहा महिने स्थगित केली होती. उच्च न्यायालयाने तो आदेश पुढे रद्द केला. साध्या कैद्यासाठी सरकार एवढं धावल्याचं कोणी ऐकलंय?

"मेला तो गुंड होता." होता. त्याच्यावर गुन्हे होते, मी त्याला संत ठरवायला बसलेली नाही. पण गुंड कोण हे गोळी झाडणाऱ्यानेच ठरवायचं म्हटलं की काय होतं? ३१ मार्च १९९७, दिल्ली, कॅनॉट प्लेस. पोलिसांनी एका गाडीवर भर दिवसा गोळ्यांचा पाऊस पाडला. आत हवा होता तो गुंड नव्हताच, साधे व्यापारी होते. दोघे जागीच गेले. मग चूक झाकायला आत पिस्तूल होतं, आधी गोळी आतून आली, असा बनाव. सहायक पोलीस आयुक्तासह दहा पोलिसांना जन्मठेप झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी मारले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. आमच्या ग्रुपवरही फटाके फुटले होते, इमोजींचे. पुढे न्या. वि. स. सिरपूरकर आयोगाने अहवाल दिला की जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या आणि चारपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. त्या अहवालाचा एकही फॉरवर्ड आमच्याकडे आला नाही.

अंडरवर्ल्डचा मुद्दा. इथे मला थोडं गिळावं लागतं. नव्वदच्या दशकातली मुंबई मी पाहिलीय. १९९७ च्या एका वर्षात कामगार नेते दत्ता सामंत आणि कॅसेट कंपनीवाले गुलशन कुमार भर रस्त्यात मारले गेले. खंडणीचे फोन, साक्ष द्यायला कोणी पुढे न येणं, वर्षानुवर्षं लोंबकळणारे खटले हे सगळं खरं होतं. कोणीतरी गुंड उडवला की लोकांना बरं वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, आमच्याही घरात बरं वाटायचं. पण १९९९ चा मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा), टोळ्यांचे म्होरके परदेशात पळणं, आपसातली भांडणं यांतलं कशाने काय झालं हे मेसेजवाल्याला एका ओळीत कळलं असेल तर त्याने पुस्तक लिहावं. शिवाय १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबईतल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू यांवरूनच पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था न्यायालयात गेली होती. तोही इतिहास याच शहराचा आहे.

"पोलीस मेले की कोणी बोलत नाही." पोलिसांच्या हौतात्म्याचं सगळ्यात मोठं नाव आपल्याकडे तुकाराम ओंबळे. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर ते लाठी घेऊन एके-४७ च्या नळीला भिडले, आणि त्यामुळे कसाब जिवंत हाती लागला. जिवंत, हे वाचताना नीट वाचावं. मग खटला चालला, २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झालं आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तो फासावर गेला. आरोपी जिवंत धरला म्हणून पाकिस्तानातून कोणी पाठवलं हे जगापुढे मांडता आलं. ओंबळ्यांचं नाव बनावट चकमकीच्या समर्थनाला वापरणाऱ्याने निदान ही एवढी गोष्ट लक्षात घ्यावी.

राहिलं "आता कोण गोळी चालवेल". खरी चकमक लढणाऱ्याने काय करायचं हे २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच पीयूसीएल प्रकरणात सोळा मुद्द्यांत सांगितलं आहे. गुन्हा नोंदवा. तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या. दंडाधिकारी चौकशी करा. शस्त्रं तपासणीला पाठवा. शौर्य निर्विवाद सिद्ध होईपर्यंत पदक नाही, झटपट बढती नाही. ज्याने खरोखर जीव वाचवायला गोळी झाडली त्याला यात भिण्यासारखं काय आहे? बढती थांबली म्हणून गोळी थांबत असेल तर ती गोळी कशासाठी होती? बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ लाच, बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलीस गाडीत मारला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकारी चौकशीने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. मेसेजचे नवे कपडे तेव्हाचेच आहेत.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाने हात जोडले, या वेळी मला. भाच्याने मात्र फोन केला. म्हणाला, "आत्या, शर्माचं सोड. त्यात शिपाई पण आत गेलेत ना? त्यांना साहेबाने सांगितलं असणार. शिपायाने काय करायचं?"

त्याचं उत्तर याच खटल्यात आहे, हे त्याला माहीत नव्हतं. २०११ मध्ये यातल्या पोलिसांच्या जामिनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी लिहून ठेवलंय की बनावट चकमक हा थंड डोक्याने केलेला खून आहे आणि वरिष्ठांचा हुकूम होता ही सबब चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या न्युरेंबर्गच्या खटल्यात नाझींनीही हुकमाचीच सबब दिली होती, तरी त्यांतले अनेक फासावर गेले. असा बेकायदा हुकूम आला तर तो नाकारणं हेच पोलिसाचं कर्तव्य.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि नाकारला तर?"

बदली होईल म्हटलं. रजा मिळणार नाहीत. गोपनीय अहवालावर शेरा पडेल, आणि ठाण्यात कोणी चहाला हाक मारणार नाही.

"बरं," म्हणाला, आणि सकाळी पळायला जायचंय म्हणून फोन ठेवला.